उघडे बेअरिंग

आधीच सांगून ठेवतो, कसूर मपला हाय. ऐकून झाल्यावर तुमी म्हणताल, जाऊ द्या किशनराव, तुमी काय मुद्दाम केलं का? ते म्हणू नका. तसं म्हणणारी मपल्या घरातच हाय, मपली बायको चांगुणाबाई. पहिली चूक मुद्दाम न्हाई केली, हे खरं. पण त्याच्या पुढचं समदं मुद्दाम केलंय, आन् त्याचंच सांगायचंय.

परभणीत आमची तंत्रशाळा व्हती, खाजगी संस्थेची. तिथं मी टर्नर मास्तर. लेथपाशी उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगल्या, पण हात अजून थरथरत न्हाई. सत्याऐंशी सालची गोष्ट. तवा आमच्याकडं शिकवायला सूर्यभान व्हता. पालमकडचा, बौद्ध घरातला, वय सत्तावीस-अठ्ठावीस. इलेक्ट्रिकचा डिप्लोमा केलेला. रेडिओ म्हणा, मोटार म्हणा, त्याचा दिमाग असा चालायचा की आमी म्हातारे नुसते बघत राहायचो. मला मामा म्हणायचा. मी त्याला सूर्या म्हणायचो.

त्याची जागा टेम्पररी. दर वर्षाला ऑर्डर संपायची, चार दिवस घरी बसवायचे, परत नवी ऑर्डर. घरी आई कडूबाई, बायको आन् लग्नाच्या दोन बहिणी. समद्यांचं डोळं त्या एका कागदाकडं. संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून मेळावा ठरला, तवा आमचे प्राचार्य दिनकरराव त्याला म्हणाले, "सूर्यभान, पाहुण्यांपुढे काहीतरी वेगळं करून दाखव. समितीला पटलं तर तुझ्या कायमच्या जागेचा ठराव त्याच दिवशी मांडतो." हे बोलणं मपल्या समोर झालं. म्हणून सांगतो, त्या ट्रकवर त्याचं काय टांगलेलं व्हतं ते मला पक्कं ठाऊक व्हतं.

हां, ट्रक. सूर्यानं बिनवायरीचा ट्रक करायचा ठरवला. आता गल्लोगल्ली पोरं रिमोटच्या गाड्या फिरवतात, त्याचं कौतुक न्हाई. तवा परभणीत असली चीज कुणी बघितली न्हवती. हातातल्या डब्याचा खटका दाबला की रेडिओच्या लहरीवर ट्रक पुढं, खटका सोडला की थांबला, दुसऱ्या खटक्यावर वळला. लांबी दोन हात. बॉडी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. मोटार जीपच्या वायपरची, बॅटरी स्कूटरची. चाकं मी लेथवर उतरवून दिली, सागवानी, वरून टायरच्या रबराची पट्टी. आन् पाठीवर दहा किलो ज्वारीची पिशवी टाकून तो मैदानाला तीन फेऱ्या मारणार, असं सूर्यानं कबूल केलं व्हतं. इथंच खरा मामला व्हता. वायपरच्या मोटारीत जोर तो कितीक? चाक जरा जड फिरलं की ती बसलीच.

म्हणून बेअरिंग. आमी दोघं स्टेशन रोडवरच्या दुकानात गेलो. आठ पाहिजे व्हते, एका चाकाला दोन, आठ मिलिमीटर आसाला बसणारे. दुकानदारानं दोन जातीचे पुढं टाकले. एकाला दोन्ही अंगाला पत्र्याचं झाकण, आत घट्ट ग्रीस भरलेलं. दुसरे उघडे, छर्रे डोळ्याला दिसायले. सूर्या एकेक उचलायचा, बोटावर अडकवायचा, टिचकी मारायचा आन् कानाशी न्यायचा. आवाज एकसारखा आला तर डाव्या हाताला, मधीच कुरकुरला तर उजव्या हाताला. असे चाळीसेक बघितले असतील. दुकानदार वैतागला. म्हणला, "मास्तर, ह्यांना बेअरिंग घ्यायचंय का गाणं ऐकायचंय?"

मी म्हणलं, "सूर्या, झाकणवाले घे. आपल्या मैदानात काय धूळ कमी हाय का?"

"मामा, तुमी फिरवून बघा की." त्यानं दोन्ही मपल्या हातात दिले. झाकणवालं दोन गिरक्या घेऊन थांबलं, ग्रीस लय घट्ट. उघडं मातर फिरतंय फिरतंय, थांबायचं नाव न्हाई. "ह्या मोटारीला हेच झेपतंय. पातळ तेलाचे दोन थेंब टाकायचे. धुळीसाठी मी नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या कापतो आन् वरून टोप्या बसवतो. नमदा नांदेडहून मागवलाय, मेळाव्याच्या आधी येतोय."

म्हणजे पोरानं समदा विचार केलेला व्हता. हे मी पुन्हा पुन्हा सांगायलोय, कारण पुढं ह्याच निवडीवरून त्याला लोक हसले.

बसवायची रीतही त्याची शिस्तीतली. मी जुना माणूस, हातोडी उचलली. त्यानं मपला हात धरला. "मामा, चाकाच्या मधल्या हबात ढकलताना जोर बाहेरच्या रिंगेवरच पडला पाहिजे. आतल्या रिंगेवर मारलं तर छर्र्यांचे खड्डे पडतात, दिसत न्हाईत पण पडतात." मग बाहेरच्या रिंगेएवढा नळीचा तुकडा मी कापून दिला, व्हाईसमधी धरून हळूहळू आवळला, बेअरिंग सरळ बसलं. दोन बेअरिंगच्या मधी आतल्या अंगानं बारीक नळी, म्हणजे नट आवळला तरी ते दाबू नयेत. चारी चाकं बसली. एक चाक फुंकर मारून फिरवलं त्यानं. फुंकर! मी चाळीस वर्षं लोखंडात काढली, इतकं हलकं चाक मी बघितलं न्हवतं.

मेळावा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवला व्हता, पाहुण्यांच्या सोयीनं. आन् दसऱ्याला सूर्या नागपूरला जाणार, दीक्षाभूमीवर. दरवर्षी आईला घेऊन जायचा, कधी चुकवलं न्हाई. आमच्याकडं खंडेनवमीला वर्कशॉपमधी मशिनींची पूजा असते. लेथ, ड्रिल, व्हाईस, समदं धुवून पुसून हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. ती मपल्याच हातानं व्हायची. निघायच्या आदल्या दिवशी सूर्या मपल्यापाशी आला. जरा चाचरतच म्हणला, "मामा, एक इनंती हाय. बाकी मशिनींची तुमी तुमच्या रीतीनं करा. ट्रकला मातर नको."

मी म्हणलं, "काहून रे? चांगल्या कामाला चांगलंच व्हतंय."

"आमच्यात न्हाई करत, मामा. आन् चाकं अजून उघडी हायत, टोप्या न्हाई बसल्या. हात न लागलेलाच बरा. चादर टाकून ठेवलाय."

"बरं," म्हणलं मी.

बरं म्हणलं, पण मनात खटकलं. खरं सांगतो. ते दिवसच तसे व्हते. विद्यापीठाच्या नामांतराचा शब्द स्टाफरूममधी निघाला की समदे कप खाली ठेवायचे, मग कुणीतरी कापसाच्या भावावर बोलायला लागायचं. अठ्ठ्याहत्तर साली काय झालं ते अख्ख्या मराठवाड्यानं बघितलंय, सूर्याच्या घरच्यांनी जास्तीच जवळून. मी सूर्याच्या डब्यातलं खायचो, तो मपल्या. मला वाटायचं, आपण लय मोठ्या मनाचे. आन् तरीबी त्यानं 'नको' म्हणलं तवा मला आतून वाटलं, एवढी काय अक्कड? हळदकुंकवानं काय ट्रक झिजणार हाय? हे वाटलं ते मी आज कबूल करतो. तवा कुणी इचारलं असतं तर मी भांडलो असतो.

खंडेनवमीला सकाळी सूर्या गेला. मी वर्कशॉप उघडलं, पूजा मांडली. समद्या मशिनी सजल्या, आन् कोपऱ्यात तो ट्रक चादर पांघरून एकटा. मला ते बघवेना. मनात आलं, सहा महिन्याची मेहनत हाय पोराची, उद्या कायतरी इघ्न आलं तर? त्याला न्हाई पटत तर न पटो, त्याच्या भल्यासाठी आपण करू, त्याला कळणार बी न्हाई. चादर काढली. चारी हबाला हळदकुंकवाची बोटं लावली, चांगली ठसठशीत. अक्षता टाकल्या. व्हाईसवर नारळ फोडला आन् पाणी समद्या मशिनींवर शिंपडलं, ट्रकवर बी. हात जोडून म्हणलं, ह्या पोराची जागा पक्की व्हऊ दे. देवाशपथ सांगतो, मनापासून म्हणलं.

मग ध्यानात आलं, सूर्याला दिसलं तर वाईट वाटल त्याला. म्हणून ओलं फडकं घेतलं आन् चारी हब पुसले. चांगले घासून घासून पुसले. वरून सागवान लख्ख झालं. पण त्या हबाच्या मधी उघडं बेअरिंग हाय, आन् फडकं घासलं की कुंकू, हळद आन् नारळाचं पाणी, ह्याचा चिखल नेमका छर्र्यांमधी जातो, हे चाळीस वर्षाच्या टर्नरला सुचलं न्हाई. इतका काय येडा झालो व्हतो मी! चादर परत जशीच्या तशी टाकली.

मेळाव्याच्या दिवशी सूर्याची गाडी लेट. दहाला कार्यक्रम, नऊ वाजून गेले तरी पत्ता न्हाई. साडेनऊला तो स्टेशनवरून पळतच आला, खांद्यावर पिशवी, डोळे लाल, रातभर डब्यात उभा राहिलेला. आईला रिक्षात बसवून नातेवाइकाकडं धाडलं आन् थेट वर्कशॉपमधी. नमद्याच्या चकत्या आलेल्या व्हत्या. चादर काढली आन् चकत्या लावायला बसला. लावता लावता त्यानं इचारलं, "मामा, कुणी हात न्हाई ना लावला?"

हे बघा, इथं थांबतो मी. ह्या जागेवर मी दररोज थांबतो.

तवा मी नुसतं 'हो' म्हणायचं व्हतं. 'हो रे, मी लावला, मूर्खपणा झाला.' त्यानं चाकं काढली असती, रॉकेलमधी बुडवून ब्रशनं धुतली असती, दोन थेंब तेल टाकलं असतं. दहा मिनिटांचं काम. अर्धा तास व्हता हातात. पण मला लाज वाटली. त्यानं नको म्हणलेलं मी केलं, हे त्याच्या तोंडावर सांगायची लाज. मी म्हणलं, "न्हाई. कोण लावतंय?"

त्याचा मपल्यावर इश्वास. त्यानं एक चाक फिरवलं, जरा जड लागलं असल त्याला, कारण कपाळाला आठी पडली. पण बाहेरून दिनकररावांनी हाक मारली, पाहुणे आले. त्यानं टोप्या दाबल्या आन् ट्रक उचलला.

मैदानात खुर्च्या, मंडप, समितीचे पाच जण पुढं. सूर्यानं ज्वारीची पिशवी ट्रकवर ठेवली, डब्याची एरियल ओढली, खटका दाबला. ट्रक निघाला. टाळ्या. म्हातारे लोक वाकून वाकून खाली वायर शोधायले. पहिला फेरा अर्धा झाला आन् पुढचं डावं चाक अडकायला लागलं. मग थांबलंच. बाकीची तीन चाकं ढकलायलीत आन् हे एक अडून बसलेलं, म्हणून ट्रक घाण्याच्या बैलावाणी जागच्या जागी गोल फिरायला लागला. पिशवी घसरली, ज्वारी सांडली. मोटारीतून जळका वास आला, मग धूर. लोक हसले. आधी एक हसला, मग मंडप हसला.

सूर्या पळत गेला, गुडघ्यावर बसला, त्या चाकाची टोपी काढली. समितीतले एक जण उठून आले, बन्सीधर म्हणून, मोंढ्यात त्यांची धान्याची आडत. "काय झालं?"

"बेअरिंग जाम झालं, साहेब."

"उघडे घेतले काय? अरे, आमचा गडी बी सांगल, धुळीत झाकणाचे लागतात. कुणी निवडले हे?"

"मी निवडले."

दिनकरराव खालच्या आवाजात म्हणाले, "तुला कुणी सांगितलं नव्हतं का?"

मी चार पावलांवर उभा. मीच सांगितलं व्हतं झाकणवाले घे म्हणून, आन् त्यानं मला पटवून दिलं व्हतं. दोन्ही मला ठाऊक. मी सांडलेली ज्वारी बघत राहिलो. मला वाटलं, सूर्या आता काय म्हणल? तो बराच वेळ काय बोलला न्हाई. मग म्हणला, "चुकलं साहेब. धूळ गेली असल."

ठराव मांडला न्हाई. दिनकररावांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, मी बघितलं.

मी ट्रक उचलून वर्कशॉपमधी आणला आन् सूर्या यायच्या आत चारी चाकं काढून रॉकेलमधी टाकली. रॉकेल लाल झालं. बेअरिंग धुतले, पुसले, तेल टाकलं. फुंकर मारली तर चाक फिरतंय! पहिल्यासारखं! मला रडू फुटलं. रॉकेल मी मागच्या नालीत ओतलं. वाटलं, सुटलो.

डिसेंबरात सूर्याची ऑर्डर संपली, ती परत निघाली न्हाई. जाताना त्यानं मपले पाय न्हाई धरले, तसं तो कधीच करत न्हवता. 'येतो मामा' म्हणला आन् गेला. त्याच्या जागी समितीतल्या एकाचा भाचा लागला, कायम.

तीन वर्षांनी मी रिटायर झालो. निरोपाच्या कार्यक्रमाला दिनकररावांनी आठवणी सांगितल्या. सांगता सांगता म्हणाले, "आणि तो गोल गोल फिरणारा ट्रक आठवतो ना? उघड्या बेअरिंगवाला?" समदे खो खो हसले. शाल मपल्या खांद्यावर. आन् बघा, मीबी हसलो! दात काढून हसलो. घरी आलो, शाल खुंटीला टांगली आन् चांगुणाला समदं सांगितलं, पहिल्यांदा. ती म्हणली, "तुमी काय मुद्दाम केलं का?" मी तिच्यावर इतका खेकसलो की ती जेवली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालमची एसटी धरली. स्टँडसमोरच सूर्याचं दुकान, पाण्याच्या मोटारी आन् पंखे दुरुस्तीचं. पत्र्याचं, पण आत समदं शिस्तीत. केस पिकायला लागले व्हते त्याचे, एवढ्यातच. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. आई गेली म्हणला, मागच्या साली. एका बहिणीचं लग्न झालं, दुसरीचं राहिलंय.

चहा यायच्या आत मी बोलून टाकलं. समदं. चादर काढली, हळदकुंकू लावलं, नारळाचं पाणी, फडकं, खोटं बोललो, रॉकेल लाल झालं. मान वर न करता बोललो. शेवटी म्हणलं, "सूर्या, उद्या जातो मी आन् दिनकररावाला, समितीला, समद्याला सांगतो. लिहून देतो."

तो एका पंख्याचं बेअरिंग पुसत व्हता, ते पुसतच राहिला. म्हणला, "मला ठाऊक हाय मामा."

"काय ठाऊक?"

"टोपी काढली तवाच बोटाला कुंकू लागलं. मैदानात, समद्यांपुढं."

"मग बोलला काहून न्हाईस? तिथंच दाखवायचं व्हतं बोट! तुझी जागा गेली रे!"

तवा त्यानं फडकं खाली ठेवलं. आवाज चढवला न्हाई, चढवला असता तर बरं झालं असतं. "काय बोलणार व्हतो मामा? पूजेनं मपला ट्रक बिघडवला म्हणून? त्या दिवसात, त्या मंडपात, मी? अठ्ठ्याहत्तरला कशा-कशावरून घरं पेटली ते मी बघितलंय. मेळाव्याच्या दिवशी आई परभणीतच व्हती, बहिणी गावात. मी बोललो असतो तर तो दंगा झाला असता. तुमी बोलले असते तर नुसती एका मास्तरची चूक व्हती. लोक तुमाला दोन दिवस हसले असते, एवढंच."

त्यानं पुसलेलं बेअरिंग परत पंख्यात बसवलं.

"म्हणून मी धूळ म्हणायच्या आधी थांबलो. लय वेळ थांबलो. तुमच्याकडंच बघायलो व्हतो. म्हणलं, मामा बोलतील आता."

चहा आला, तो त्यानं मपल्या हातात दिला. त्याला सांगावं वाटलं की मला दिसलंच न्हाई तू बघायलास ते. पण तेवढं खोटं उरलं न्हवतं मपल्यात. मला दिसलं न्हवतं, कारण मी बघितलं न्हवतं. आन् बघितलं काहून न्हवतं, तर त्याच्याकडं बघितलं असतं तर मला बोलावं लागलं असतं.